उच्छ्वासापासून झडपेपर्यंत : दख्खनच्या पाण्याचा दाब व त्याचे नियमन

देवालयाचा इतिहास लिहिताना गाभारा, सभामंडप, शिखर, उत्सव आणि देणग्या यांची नोंद आवर्जून केली जाते. परंतु ज्या पाण्याने श्रींचा अभिषेक होतो, ज्या पाण्यावर मुदपाकखाना चालतो आणि यात्रेकरूंची तहान भागते, ते पाणी उगमापासून देवाच्या दारापर्यंत कोणत्या वाटेने आले आणि त्या वाटेवर त्याला कोणी व कसे आवरले, याविषयी स्मरणिकांतून क्वचितच वाचावयास मिळते. पाणी आणणे हे जितके कठीण, तितकेच आणलेल्या पाण्याचा जोर आवरणे कठीण. या दुसऱ्या कामाचा इतिहास आपल्या दख्खनमध्ये विशेष समृद्ध आहे. त्याचा अल्प परिचय महाजन कुटुंबांतील वाचकांस करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे, असे कोणी समजू नये. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे प्राचीन कल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. त्या काळातील कन्नड शिलालेखांत अग्रहारांच्या महाजनांचा उल्लेख वारंवार येतो. देवालयाची पूजाअर्चा, दानात मिळालेल्या जमिनी आणि गावचे तळे यांची व्यवस्था अनेक ठिकाणी या महाजनांकडे सोपविलेली असे. अर्थात ‘महाजन’ या शब्दामागे केवळ मानपान नव्हता, तर पाण्याची जबाबदारीही होती. संतपूर आणि एकूणच औराद, भालकी, बिदर ते थेट कलबुर्गीपर्यंतच्या या सीमाभागात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा बोलणाऱ्या पिढ्यांनी ती जबाबदारी आपापल्या परीने वाहिली आहे. म्हणून ‘पाण्याचा दाब’ हा विषय महाजनांच्या कक्षेबाहेरचा नाही.

दाब म्हणजे काय ?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी मूळ तत्त्व ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बंद नळात उभ्या असलेल्या पाण्याचा दाब नळाच्या लांबीवर किंवा जाडीवर अवलंबून नसतो. पाण्याची वरची पातळी आपल्यापासून किती उंच आहे, यावरच तो ठरतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम इतका भार पडतो. एखादा जलकुंभ जमिनीपासून बारा मीटर उंच असेल आणि देवालय त्या जागेपासून आणखी वीस मीटर सखल भागात असेल, तर देवालयाच्या तोटीवर बत्तीस मीटर उंचीचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे तीन किलोग्रॅमपेक्षा अधिक दाब येतो. उलट त्याच गावात उंचवट्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या तोटीवर जेमतेम चार-पाच मीटरचाच दाब उरतो. जलकुंभ एक, पाणी एक, नळपट्टी एक. परंतु एका घरी तोटी फुटते आणि दुसऱ्या घरी घागर भरत नाही.

या नियमाची शास्त्रशुद्ध मांडणी युरोपात फार उशिरा झाली. सायमन स्टेव्हिन याचा ग्रंथ १५८६ साली प्रसिद्ध झाला आणि ब्लेझ पास्कल याचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध त्याच्या निधनानंतर १६६३ साली. परंतु नियम सूत्रबद्ध होण्यापूर्वीच कारागिरांना तो अनुभवाने ठाऊक होता. फुटलेल्या खापरी नळांनी त्यांना तो शिकविला होता. दख्खनमधील जलव्यवस्थांकडे पाहिले असता, दाब आवरण्याच्या तीन स्वतंत्र रीती दिसून येतात. पहिली, दाब उत्पन्नच होऊ न देणे. दुसरी, उत्पन्न झालेला दाब उघड्या हवेत आणून मोडणे. आणि तिसरी, बंद नळातच त्यास आवरून धरणे. यांचा क्रमशः विचार करू.

पहिली रीत : बिदरचे कारेज आणि पुण्याचे उच्छ्वास

पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात बहमनी सुलतान अहमदशाह वली याने आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलविली. बिदरचे पठार उंचावर आहे आणि वरचा थर जांभ्या दगडाचा आहे. जांभ्यातून पाणी झिरपते व खालच्या कठीण काळ्या खडकापाशी येऊन थांबते. या दोन थरांच्या संधीवर साचणारे पाणी हेरून भूमिगत बोगद्याने ते वाहते करणे, ही इराणी परंपरेतील कारेजची कल्पना या भूमीला अगदी अनुरूप ठरली. बिदरलगतच्या नौबाद येथील कारेज हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या या बोगद्यावर ठरावीक अंतरांवर उभे विवर खोदलेले आहेत. बोगद्याचा उतार अत्यंत मंद ठेवलेला असून पाणी त्याच्या तळाशी वाहते आणि वर हवा मोकळी राहते. बोगदा काठोकाठ भरत नसल्यामुळे त्यात दाब निर्माणच होत नाही. उभ्या विवरांतून खोदकामाची माती बाहेर काढली गेली, आत उतरून गाळ काढण्याची सोय झाली, हवाही खेळती राहिली. अलीकडच्या काळात या कारेजचा गाळ काढून त्याचे पुनरुज्जीवन करण्याचे प्रयत्न झाले. जागतिक स्मारक निधीने दख्खनच्या पठारावरील ऐतिहासिक जलव्यवस्थांचा समावेश आपल्या २०२० सालच्या लक्ष्यसूचीत केला, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे.

हेच तत्त्व तीन शतकांनंतर पुण्यात दिसते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या खोऱ्यात तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत आणले गेले. हा नळ म्हणजे माणूस आत उतरून जाऊ शकेल असा दगडी, चुनेगच्ची बोगदाच होय. त्यावर जागोजागी जे उभे, चौकोनी बांधकाम आढळते, त्यास पुणेकरांनी ‘उच्छ्वास’ असे अन्वर्थक नाव दिले. नळ येथे श्वास घेतो, ही कल्पना त्या शब्दात आहे. पाण्याबरोबर ओढली जाणारी हवा येथून बाहेर पडते. पाणी एकाएकी वाढले तर ते येथे वर चढते आणि नळाच्या भिंतीवर ताण येत नाही. गाळ साचला तर येथूनच उतरून तो काढता येतो. पुढे काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतील हौद अशा उघड्या हौदांत पाणी येऊन विसावे. नळाच्या शेवटी तोटी नव्हती, हौद होता. म्हणून दाबाचा प्रश्नही नव्हता.

या रीतीचा गुण असा की, तिच्यात मोडण्यासारखे असे काहीच नाही. तिची मर्यादा अशी की, पाणी केवळ उतारावरच जाऊ शकते. वाटेत खोलगट भाग आला, तर एक तर वळसा घ्यावा लागतो किंवा भराव घालावा लागतो. आणि पाणी शेवटी सखल ठिकाणीच मिळते, उंचावर चढत नाही.

दुसरी रीत : विजापूरचे गंज

विजापूरच्या कारागिरांपुढे नेमकी हीच अडचण होती. आदिलशाही राजधानीची लोकसंख्या वाढली, तोरवीकडून आणलेले पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा मुहम्मद आदिलशाहाच्या कारकिर्दीत १६५१ साली शहराच्या दक्षिणेस बेगम तलाव बांधण्यात आला. तेथून शहरात पाणी आणण्यासाठी भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून, त्यांभोवती चुनेगच्ची बांधकाम करून ते जमिनीखाली पुरण्यात आले. हे नळ काठोकाठ भरून वाहत. म्हणजेच येथे दाब निर्माण होणार हे निश्चित होते, आणि खापरी नळाची ताकद ती किती !

यावर उपाय म्हणून नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी दगडी मनोरे उभारण्यात आले. त्यांना तेथे ‘गंज’ म्हणतात. सुमारे पंचवीस ते चाळीस फूट उंचीचे हे चौकोनी मनोरे आजही विजापुरात, म्हणजे आताच्या विजयपूर शहरात, पाहावयास मिळतात. परगावच्या पाहुण्यास ते पहाऱ्याचे बुरूज वाटतात. वास्तविक ते पाण्याचे बुरूज आहेत. तलावाकडून आलेले पाणी मनोऱ्यात वर चढते, माथ्याशी उघड्या हवेला भेटते आणि तेथून पुन्हा खाली उतरून पुढच्या टप्प्यास लागते. पाणी एकदा उघड्या हवेत आले की मागच्या सर्व उंचीचा भार तेथेच संपतो. पुढच्या नळावर येणारा दाब त्या मनोऱ्याच्या माथ्यापासून मोजावयाचा, तलावापासून नव्हे. जणू प्रत्येक गंज म्हणजे एक छोटा नवा तलावच. शिवाय मनोऱ्याच्या तळाशी गाळ बसे आणि स्वच्छ पाणी पुढे जाई.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. दाब मोडावयाचाच होता, तर जमिनीलगत एक उघडा हौद बांधूनही काम भागले असते. परंतु तसे केल्यास सर्व उंची वाया जाऊन पाणी पुढे चढले नसते. मनोरा किती उंच करावयाचा हे ठरविताना कारागिरांना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागे. नळ फुटू नये इतका दाब कमी करावयाचा आणि पुढच्या महालात, हमामात, कारंज्यात पाणी पोहोचावे इतका तो राखावयाचा. दाब मारणे वेगळे आणि दाबाचे नियमन करणे वेगळे. गंजाच्या उंचीत हा विवेक दगडाच्या रूपाने उभा आहे.

हा विवेक जगात इतरत्रही स्वतंत्रपणे वा देवाणघेवाणीने प्रकट झालेला दिसतो. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई या रोमन नगरीत चौकाचौकांत विटांचे स्तंभ सापडले आहेत. त्यांच्या माथ्यावर शिशाच्या टाक्या असत आणि मुख्य नळाचा दाब तेथे मोडून शेजारच्या घरांना पाणी दिले जाई. इस्तंबूल शहरातील ऑटोमन काळचे असेच मनोरे ‘पाण्याचा तराजू’ या अर्थाच्या तुर्की नावाने ओळखले जातात. तराजू हा शब्द किती समर्पक आहे ! एका पारड्यात नळाचे आयुष्य, दुसऱ्या पारड्यात शेवटच्या घराची तहान. आणि काटा मध्ये राखावयाचा.

दाबाला कामास लावणारी पाणचक्की

औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील पाणचक्कीचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे आपली राजधानी वसविली आणि डोंगराकडील भूजल नहरींनी शहरात आणले. पुढे त्याच परंपरेत, सतराव्या शतकाच्या अखेरीस, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की उभी राहिली. काही किलोमीटर अंतरावरील डोंगराकडून मातीच्या नळांनी आलेले पाणी येथे एका उंच भिंतीत चढविले जाते आणि माथ्यावरून खालच्या हौदात धबधब्यासारखे कोसळते. त्या जोरावर चक्कीचे पाते फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई.

विजापूरने जो जोर मोडला, तो येथे अन्नदानाच्या कामी लावला गेला. ज्या संस्थांच्या दारी रोज पंगती उठतात, त्यांस या योजनेचे मर्म वेगळे सांगावयास नको. हल्ली काही देशांत शहराच्या मुख्य नळातच लहान चक्रे बसवून, दाब कमी होताना त्यातून वीज काढली जाते; अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २०१५ साली अशी योजना कार्यान्वित झाली. कल्पना नवी म्हणून तिचे कौतुक होते. आपल्या पाणचक्कीस तिची वडीलधारी बहीण म्हणण्यास हरकत नसावी.

तिसरी रीत : लोखंडी नळ आणि दाब कमी करणारी झडप

एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाचे नळ आले आणि चित्र पालटले. १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबई शहरात येऊ लागले, तेव्हापासून आपल्या प्रांतात नळाच्या पाण्याचे नवे युग सुरू झाले असे म्हणता येईल. लोखंडी नळ खापरी नळापेक्षा कितीतरी अधिक दाब सोसू शकत असल्यामुळे वाटेत मनोरे बांधण्याची निकड उरली नाही. उघड्या हौदाची जागा बंद तोटीने घेतली. पाणी माडीवर चढू लागले. परंतु त्याबरोबरच, आजवर रस्त्यात मोडला जाणारा दाब थेट माणसाच्या घरात येऊन पोहोचला.

बंद नळात, पाणी उघड्यावर न आणता दाब कमी करावयाचा, यासाठी जे साधन घडले, तेच प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, म्हणजे दाब कमी करणारी झडप. वाफेच्या यंत्रांच्या युगात अशा नियामक झडपांचा विकास झाला आणि पुढे त्या पाण्याच्या नळांतही रूढ झाल्या. तिची रचना समजण्यास कठीण नाही. पितळी किंवा ओतीव धातूच्या कोशात पाण्याच्या वाटेवर एक अरुंद तोंड असते आणि त्यावर बसणारी चकती. ही चकती एका दांड्याने रबरी पडद्याशी जोडलेली असते. पडद्याच्या वरून स्प्रिंग खाली रेटते, म्हणजे वाट उघडू पाहते. आणि झडपेच्या पलीकडील, घराकडील पाणी पडद्यास खालून वर रेटते, म्हणजे वाट मिटू पाहते. घराकडील दाब ठरविल्यापेक्षा वाढला की पडदा वर उचलला जाऊन वाट अरुंद होते; तोटी उघडल्यामुळे दाब घटला की स्प्रिंग जिंकते आणि वाट रुंदावते. माथ्यावरचा स्क्रू पिळून स्प्रिंगचा ताण कमीअधिक करता येतो आणि त्यावरून घराकडील दाब ठरतो. विजापूरच्या कारागिराने मनोऱ्याची उंची ठरविली, येथे आपण स्प्रिंगचा ताण ठरवितो. काम तेच, चाळीस फुटांचा मनोरा मुठीत मावेल एवढा झाला, इतकेच.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा निरास करणे आवश्यक आहे. ‘पाण्याचा जोर फार आहे, तर मुख्य चावी अर्धी बंद करून ठेवा,’ असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. अर्धवट मिटलेली चावी पाणी वाहत असतानाच दाब कमी करते. रात्री सर्व तोट्या बंद झाल्या, प्रवाह थांबला, की चावीच्या दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू एकसारखा होतो आणि जलकुंभाचा संपूर्ण भार घरातील नळांवर येतो. म्हणूनच वॉशर, सांधे आणि लवचीक नळ्या बहुधा रात्रीच दगा देतात. झडपेचे वैशिष्ट्य हेच की, पाणी वाहत असो वा थांबलेले असो, घराकडील दाब ती ठरलेल्या मर्यादेतच ठेवते. शिवाय अर्धी बंद ठेवलेली चावी यात्रेच्या दिवशी, सर्व तोट्या एकदम सुरू असताना, पाणी अडविते. झडप त्या वेळी आपण होऊन पूर्ण उघडते. एक साधन आंधळे आहे, दुसरे डोळस, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

अधिक दाबाने होणारी हानी केवळ फुटण्याची नसते. बारीक छिद्रातून गळणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दाब चौपट असेल तर त्याच छिद्रातून दुप्पट पाणी वाया जाते. प्लॅस्टिकच्या नळातील चीर दाबाखाली रुंदावत असल्याने तेथील गळती याहूनही झपाट्याने वाढते. वेगाने वाहणारे पाणी तोटी एकदम बंद करताच नळाच्या भिंतीवर आघात करते. भिंतीतून येणारा ‘धड्’ असा आवाज तो हाच. भक्तनिवासांच्या गच्चीवर बसविलेल्या सौर बंबांपैकी काचनळ्यांचे साधे प्रकार तर दाबासाठी बनविलेलेच नसतात. त्यांना उघड्या टाकीतूनच पाणी द्यावे लागते. मुख्य नळ किंवा दाबाचा पंप त्यांस थेट जोडल्यास टाकी उसवण्याचा धोका असतो. विजेच्या बंबांवरही किती दाब चालेल हे नमूद केलेले असते. ते वाचून जोडणी करणे हिताचे.

झडपेची निगा आणि महाजनांचे कर्तव्य

गंज आणि झडप यांत एक महत्त्वाचा भेद आहे. गंजातील पाणी डोळ्यांना दिसे. ते ओसंडले तर सारा मोहल्ला पाही, आटले तरी सारा मोहल्ला जाणे. झडपेच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून कोणासही दिसत नाही. तिच्या तोंडाशी वाळूचा कण अडकला किंवा रबरी पडदा जुना झाला, तर ती उघडीच राहते आणि पूर्ण दाब गुपचूप घरात शिरतो. म्हणून जाणकार प्लंबर झडपेच्या आधी गाळणी बसवितो, दोन्ही बाजूंस दाबमापक लावतो, दुरुस्तीच्या वेळी पाणी बंद पडू नये म्हणून बगलेने एक पर्यायी नळ ठेवतो आणि झडपेने दगा दिल्यास जादा दाब बाहेर टाकणारी सुरक्षा झडप पुढील बाजूस जोडतो. ही सुरक्षा झडप म्हणजे जुन्या उच्छ्वासाचीच धाकटी आवृत्ती होय. बंद नळालाही कोठे तरी श्वास हवाच असतो.

आपल्याकडील देवस्थानांत बांधकाम टप्प्याटप्प्याने होते. आधी विहीर, मग हातपंप, मग विंधन विहीर व टाकी, मग ग्रामपंचायतीचा नळ, त्यानंतर भक्तनिवास आणि त्यावर दुसरा मजला. प्रत्येक वेळी नवा नळ जुन्या नळास जोडला जातो आणि एकंदर दाबाचा हिशेब मात्र कोणीच मांडीत नाही. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्यात असलेल्या या आपल्या भागात, खेडोपाडी नळ फार उशिरा आले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र शासनाने जलजीवन मिशनची घोषणा करून प्रत्येक ग्रामीण घरास नळाने दरडोई, दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हापासून गावोगावी जलकुंभ व नळजोडण्यांची कामे झाली आहेत. जेथे पूर्वी दाबाचा प्रश्नच नव्हता, तेथे तो आता दारात आला आहे.

या प्रश्नाची एक बाजू न्यायाची आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. सार्वजनिक नळयोजना आखताना शेवटच्या तोटीवर किमान किती दाब राहावा, याचे निकष केंद्रीय मार्गदर्शिकेत दिलेले असतात. एकमजली वस्तीसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीनमजलीसाठी १७ मीटर हे प्रमाण दीर्घकाळ प्रचलित होते. परंतु सखल भागातील घरे जोरदार दाबाने भराभर पाणी ओढून घेतात, तेव्हा उंचावरील वाडीवर हे प्रमाण कागदावरच राहते. त्यावर उपाय म्हणून उंचवट्यावरील लोक नळास थेट पंप लावतात, मग शेजारीही लावतो, आणि नळातील दाब शून्याखाली जाऊन बाहेरचे घाण पाणी सांध्यांतून आत ओढले जाण्याची भीती निर्माण होते. याउलट, सखल भागाच्या तोंडाशी दाब कमी करणारी झडप बसवून तेथील दाब आवरला, तर वाचलेले पाणी आपोआप उंचावरच्या वाडीकडे वळते. खालच्याने थोडे आवरले तर वरच्याला मिळते, असा हा साधा हिशेब आहे.

पाणी कोणापर्यंत पोहोचावे, हे आपल्या समाजात केवळ उताराने व दाबाने ठरत नव्हते, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. हौद भरलेले असत. परंतु ते सर्वांना खुले नसत. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला आणि १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यांनी जी झडप उघडली ती पितळेची नव्हती. ज्या कल्याणभूमीत बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी समतेचा उपदेश केला, त्या भूमीतील देवस्थानांनी आपल्या आवारातील पाणी मोजताना ‘टोकाच्या तोटीवर कोण उभा आहे ?’ हा प्रश्न प्रथम विचारावा, हेच उचित होय.

या दृष्टीने महाजन मंडळींपुढे काही विनम्र सूचना मांडाव्याशा वाटतात. आपल्या देवस्थानातील नळांचा एक साधा नकाशा तयार करून तो कार्यालयात लावावा. जुने जाणते सेवेकरी हयात असतानाच हे काम व्हावे, कारण जमिनीखालील नळांची वाट बहुधा त्यांच्या स्मरणातच असते. देवालय, मुदपाकखाना आणि भक्तनिवास या तिन्ही ठिकाणचा दाब पहाटे व यात्रेच्या गर्दीत असा दोनदा मोजून वहीत लिहावा. जेथे दाब अधिक आढळेल तेथे चावी अर्धी मिटण्याचा तात्पुरता उपाय न करता योग्य मापाची झडप बसवावी आणि तिच्या तपासणीची तारीख, पंचांगातील उत्सवाप्रमाणे, निश्चित करून ठेवावी. आणि सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत आवर्जून, भक्तनिवासाच्या शेवटच्या खोलीतील व आवाराबाहेरील सार्वजनिक तोटीतील पाणी स्वतः महाजनांनी वर्षातून एकदा तरी घागर भरून पाहावे. जी घागर वेळेत भरेल, तीच व्यवस्थेच्या शुद्धतेची खरी पावती.

बिदरच्या अज्ञात खोदकाऱ्याने बोगद्याचा उतार मंद ठेवला, विजापूरच्या गवंड्याने मनोऱ्याची उंची नेमकी राखली, पुण्याच्या कारागिराने नळास उच्छ्वास दिला. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. परंतु त्यांच्या कामातील संयम शतकानुशतके टिकून आहे. शक्ती असणे हे पाण्याचे सामर्थ्य आणि ती मर्यादेत ठेवून अखेरच्या तहानलेल्यापर्यंत पोहोचविणे ही माणसाची सेवा. ही सेवा आपल्या सर्व देवस्थानांकडून अखंड घडत राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.